पेठांच्या पोटातले पुणे

पुणे पाहावयास आलेला पाहुणा शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर उभा राहतो, दरवाजाच्या फळ्यांवरील अणकुचीदार खिळ्यांकडे आदराने पाहतो, पर्वतीच्या पायऱ्या चढतो, आणि सायंकाळच्या गाडीने परत जाताना पेशव्यांची राजधानी पाहिल्याचे समाधान बरोबर नेतो. वस्तुतः त्याने पाहिलेले असते ते त्या राजधानीचे कुंपण. १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीने वाड्याचे अंतरंग नष्ट केले आणि तट, बुरूज, नगारखाना व जोती एवढेच मागे ठेवले. ज्याचे वैभव सर्वांत मोठे त्याचे अवशेष सर्वांत थोडे, असा हा प्रकार आहे. याउलट ज्यांच्याकडे कोणी स्मारक म्हणून कधी पाहिले नाही, ज्यांच्या रक्षणासाठी पहारेकरी नेमला गेला नाही, अशा कितीतरी वस्तू पेठांच्या बोळांतून टिकून राहिल्या आहेत, आणि त्याचे कारण एवढेच की त्या कोणाच्या तरी उपयोगी पडत राहिल्या. देव आत होता म्हणून देऊळ राहिले, पोलिसांना जागा हवी होती म्हणून कोठार राहिले, आणि पत्ता सांगावयास सोपे पडते म्हणून आटलेल्या हौदाचे निदान नाव तरी राहिले.

तरीही शनिवारवाड्यापासूनच आरंभ करावा, कारण त्या कुंपणातही पाहण्याजोगे पुष्कळ आहे. १० जानेवारी १७३० रोजी थोरल्या बाजीरावांनी पाया घातलेल्या आणि सोळा हजार एकशे दहा रुपयांत उभ्या राहिलेल्या या वाड्याचा तट नीट न्याहाळला तर खालचा भाग घडीव दगडाचा आणि वरचा विटांचा दिसतो. दगडी कोट बांधण्याचा अधिकार छत्रपतींचा, सेवकाने तो बांधू नये, असा आक्षेप साताऱ्याहून आला म्हणून काम दगडावरून विटेवर आले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, मराठी राज्यातील धनी आणि पंतप्रधान यांचे नाते त्या काळच्या लोकांना कसे वाटत होते, हे तिच्यावरून कळते. वाड्याच्या पाच दरवाजांपैकी एकाला नारायण दरवाजा म्हणतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी ज्या तरुण पेशव्याची हत्या केली, त्याचे शव या वाटेने बाहेर नेले, आणि तेव्हापासून हे नाव त्याला चिकटले. ‘काका, मला वाचवा’ ही हाक ऐकू येते म्हणून रात्री वाड्याभोवती घुटमळणारे हौशी लोक बहुधा दिल्ली दरवाजापाशीच घुटमळतात. हा लहान दरवाजा त्यांच्या ध्यानातही नसतो.

वाड्याच्या पूर्वेस कसबा. पुण्याचे मूळ गाव हेच, आणि चालताना पायांना जाणवणारा जमिनीचा चढ हा त्याचा पहिला पुरावा होय. शतकानुशतके माणसे एकाच ठिकाणी घरे बांधतात, ती पडतात, त्यांच्या मातीवर पुन्हा घरे उभी राहतात, आणि गावाची पांढर अशी हळूहळू उंचावत जाते. आदिलशाहीच्या फौजेने सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या प्रारंभी हे गाव जाळून त्यावर गाढवांचा नांगर फिरविला आणि येथे पुन्हा वस्ती होऊ नये म्हणून पहार ठोकली, आणि पुढे जिजाऊसाहेबांनी त्याच भूमीवर सोन्याच्या फाळाचा नांगर धरविला, ही कथा प्रत्येक पुणेकराला बालपणीच कळते. परंतु ज्या आळ्यांतून ते पुनर्वसन प्रत्यक्ष घडले त्या तांबट आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी, कागदीपुरा यांतून तो क्वचितच चालतो. कागदीपुऱ्यात हातकागद तयार होत असे. पेशव्यांच्या ज्या अफाट दफ्तरावर आजचा इतिहाससंशोधक जगतो, ते ज्या कागदावर लिहिले गेले तो कागद करणाऱ्या कारागिरांची आठवण ठेवणारे एवढेच एक नाव उरले आहे. लाल महालाविषयी मात्र वाचकाने सावध असावे. शाहिस्तेखानावर १६६३ च्या एप्रिलात जेथे छापा पडला ती मूळ वास्तू केव्हाच नामशेष झाली असून, आज दिसणारी इमारत महापालिकेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मूळ जागेच्या एका भागावर उभारलेले स्मारक आहे.

कसब्याच्या पलीकडे नागझरीचा ओढा, आणि ओढ्याच्या काठी सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीचे देऊळ. या शहरात एकच अपरिचित वस्तू पाहावयास सवड असेल तर कोणती पाहावी, असे मला कोणी विचारले तर मी निःशंकपणे या देवळाचे नाव घेईन. पेशवाईतील देवळे बहुधा विटा-चुन्याची, लाकडी सभामंडपाची आणि शिखरावर गिलाव्याची नक्षी मिरविणारी. हे मात्र काळ्या दगडात घडविलेले, आणि त्याची दर्शनी भिंत शिल्पांनी इतकी भरलेली की पुण्यात त्याला जोड नाही. भीमजीगिरी गोसावी याने १७५४ मध्ये याचे बांधकाम आरंभिले आणि १७७० मध्ये मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. आत मोरावर बसलेला, तीन सोंडांचा गणपती. तळघरात गोसाव्याची समाधी. गाभाऱ्याच्या भिंतीवर संस्कृत लेख आणि त्यांच्या जोडीला एक फारसी लेख. गणपतीच्या देवळात फारसी लेख पाहून आजच्या वाचकाला आश्चर्य वाटेल, पण त्या काळच्या माणसाला वाटले नसते; ज्याचा हिशेब, करार आणि प्रवासाचे दस्तक निम्म्या हिंदुस्थानात फारसीतून चालत होते, अशा सावकार गोसाव्याला आपल्या देवळाची नोंद त्या भाषेतही करून ठेवावीशी वाटली, यात अस्वाभाविक काहीच नाही.

त्या दर्शनी भिंतीवर, द्वाराच्या बाजूस, एक विलक्षण शिल्प आहे. टोपीकर शिपाई एका गेंड्याला साखळदंडांनी जखडीत आहेत. गेंडा म्हणजे बंगाल आणि आसाम, आणि साखळदंड म्हणजे प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी तो प्रांत गिळला त्याचे रूपक, असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. यातील आसामचा भाग मला पटत नाही; आसाम इंग्रजांच्या ताब्यात गेले ते यांडबूच्या तहाने १८२६ मध्ये, म्हणजे देवळाच्या प्रतिष्ठापनेनंतर छप्पन्न वर्षांनी. बंगालचा भाग मात्र पटण्याजोगा आहे. हे गोसावी नुसते वैरागी नव्हते. ते व्यापारी होते, सावकार होते, प्रसंगी शस्त्र धरणारेही होते, आणि त्यांच्या हुंड्या व काफिले पुण्यापासून काशीपर्यंत आणि त्याही पुढे जात. पुण्याच्या दरबारात टोपीकरांना अद्याप एक व्यापारी कंपनी समजत असतील त्या काळी, सोमवार पेठेतील एक गोसावी त्यांना साखळदंड हाती घेतलेले शिपाई म्हणून दगडात कोरवून ठेवतो, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. असा अर्थ कोरणाऱ्याच्या मनात नसेलही, आणि गेंडा हा केवळ एका दूरदेशीच्या नवलाचा नमुना असेल. परंतु साखळी ओढणारे हात कोणाचे हे त्याने स्पष्ट दाखविले आहे.

येथून परत बुधवार-शुक्रवाराकडे वळताना जमिनीवरील वस्तू सोडून जमिनीखालच्या वस्तूकडे वळावे लागते. पुण्याच्या पेठांचा खरा इतिहास हा पाण्याचा इतिहास आहे, असे मी म्हटले तर अतिशयोक्तीचा दोष पत्करावा लागेल, पण तो मी पत्करतो. मुठेचे पाणी खोल पात्रात आणि वाढत्या वस्तीला अपुरे. म्हणून नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास दक्षिणेस दोन-अडीच कोसांवर कात्रजच्या घाटापायथ्याशी धरणाच्या भिंती घालून आंबील ओढ्याचे पाणी अडविले आणि तेथून शनिवारवाड्यापर्यंत भूमिगत नळ आणला. ‘नळ’ या शब्दाने वाचकाची फसगत होऊ नये. हा हाताच्या वेढ्यात मावणारा नळ नव्हे. दगडी बांधणीचे, माणसाला उभ्याने चालता येईल एवढ्या उंचीचे ते भुयार आहे. उपसा नाही, यंत्र नाही; केवळ उताराचा अचूक अंदाज. कात्रजला दोन तलाव एकापुढे एक. वरच्यात गाळ बसतो, निवळलेले पाणी खालच्यात येते, तेथून नळात शिरते, आणि वाटेत ठिकठिकाणी असलेल्या कुंडांत उरलासुरला गाळ टाकीत शहरात पोहोचते.

एवढ्या लांबीच्या बंद मार्गात हवा कोंडली तर पाणी अडते, यासाठी नळावर ठराविक अंतराने उंच चौकोनी स्तंभ उभारलेले असत, आणि त्यांना उच्छ्वास असे समर्पक नाव होते. हवा निघून जावी आणि सफाईसाठी आत उतरता यावे, अशी दोन्ही कामे त्यांनी होत. धनकवडीपासून शुक्रवार-सदाशिव पेठांपर्यंत यांतील काही आजही उभे आहेत. कोठे इमारतीच्या भिंतीला चिकटलेले, कोठे वाहनतळाच्या कोपऱ्यात अडकलेले, कोठे शेंदूर फासून देवत्व पावलेले. जुन्या वस्तूला पुण्यात शेंदूर लागला की तिचे आयुष्य वाढते. पुराणवस्तू खात्याच्या फलकाने वाढते त्यापेक्षा, माझ्या अनुभवाने, थोडे अधिकच.

नळाचे पाणी घरोघर जात नसे. ते हौदांत येई. सदाशिव हौद, नाना हौद, फडके हौद, बदामी हौद, काळा हौद, साततोटी हौद, पंच हौद ही नावे आज बहुतेकांना रिक्षावाल्याला सांगावयाच्या खुणा म्हणून ठाऊक आहेत. पेशव्यांचे पाहून सरदारांनीही स्वतःचे नळ काढले; रास्त्यांनी कोंढव्याकडून आपल्या पेठेत पाणी आणले. पेठ वसविणे हा त्या काळी एक हिशेबी उद्योग होता. शेटे-महाजनाला कौल द्यावा, काही वर्षे जकात माफ करावी, उदमी बोलवावेत, आणि हे सर्व करूनही पाणी नसेल तर वस्ती टिकत नाही, हे सरकारवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नसे. शहापूर, मलकापूर, अष्टापूर, विसापूर अशी नावे पुसून सोमवार, रविवार, मंगळवार, शुक्रवार ही वारांची नावे आली. औरंगजेबाच्या १७०३ मधील मुक्कामात रूढ झालेले मोहियाबाद हे नाव जाऊन बुधवार आला. या नळाच्या निमित्ताने शहराचा भूगोलही बदलला. आंबील ओढा पूर्वी आजच्या सदाशिव-शनिवार पेठांच्या मधून मुठेला मिळत असे. नानासाहेबांनी त्याला पर्वतीच्या बाजूने वळविले, मोकळ्या झालेल्या पात्रावर वस्ती झाली, आणि पर्वतीखाली तलाव झाला. तलावातल्या बेटावरचा गणपती म्हणजेच सारसबागेतला, अद्याप ‘तळ्यातला’ म्हणून ओळखला जाणारा गणपती. बागेत हिरवळीवर भेळ खाणारे लोक वस्तुतः तलावाच्या तळाशी बसलेले असतात.

बुधवार चौकात फरासखाना आहे. पेशव्यांचे तंबू, कनाती, जाजमे, गालिचे ठेवण्याचे हे कोठार. राज्य गेले, तंबू गेले, आणि तेथे पोलीस चौकी आली, ती आजतागायत आहे. नाव बदलण्याची तसदी कोणी घेतली नाही. शुक्रवारातील गाडीखान्याचेही तेच. तेथे आता महापालिकेचा दवाखाना आहे आणि रोगी गाडीखान्यातून औषध आणतात. कोतवाल चावडी मात्र उरली नाही. ज्या घाशीराम कोतवालाला १७९१ च्या ऑगस्टात संतप्त जमावाने दगडांनी ठेचून मारले, त्याच्या कारभारात रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात सापडलेल्या माणसाची गय नव्हती. याच फरासखान्याच्या कोपऱ्यावरील बाहुलीच्या हौदाची हकीकत त्याहून हृदयद्रावक आहे. सत्यशोधक समाजाचे एक धुरीण आणि नामांकित शल्यवैद्य डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपली मुलगी काशीबाई हिला शाळेत घातले. हे न रुचलेल्या कोणी तिला खाण्यातून काच दिली आणि ती पोर दगावली, असे परंपरा सांगते. तिच्या स्मरणार्थ घोल्यांनी हौद बांधला, त्यावर मुलीची आकृती बसविली, आणि तो सर्व जातींच्या लोकांना खुला ठेवला. एकोणिसाव्या शतकातील पुण्यात या शेवटच्या अटीला धैर्य लागत असे.

देवांच्या नावांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे थोडक्यात. पासोड्या विठोबाजवळ पासोड्या विकल्या जात, उंटाड्या मारुतीजवळ उंटांचा तळ असे, निवडुंग्या विठोबा निवडुंगाच्या झाडीत सापडला. जिलब्या, भांग्या, सोन्या हे मारुती शेजारच्या दुकानांवरून ओळखले गेले. पानिपतावर सेना पडली त्या क्षणी डुलला म्हणून डुल्या मारुती, असेही म्हणतात. सदाशिव पेठेत गद्रे सावकारांनी १७९७ मध्ये बांधलेल्या मुरलीधराच्या स्थापनेच्या सुमारास अरब पहारेकरी आणि कंपनीचे शिपाई यांच्यात चकमक होऊन रक्त सांडले, आणि बासरी वाजविणारा तो निष्पाप देव ‘खुन्या’ ठरला. पुणेकरांनी देवांना इतक्या सलगीने वागविले याचे परगावच्या लोकांना नवल वाटते. मला त्यात एखाद्या नगरभूमापन अधिकाऱ्याची काटेकोर बुद्धी दिसते.

काही खुणा अगदी अलीकडच्या आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी लकडी पूल ओलांडून शनिवार, नारायण, कसबा या पेठांत शिरले. नदीकाठच्या काही जुन्या इमारतींवर पाणी कोठवर चढले होते हे दाखविणाऱ्या रेषा आणि पाट्या अद्याप आढळतात. रेषेखाली उभे राहून ती आपल्या मस्तकाच्या किती वर आहे हे पाहिल्यावरच त्या दिवसाची कल्पना येते. पांढऱ्या मातीच्या भिंतींचे शेकडो वाडे त्या पाण्यात विरघळले. आज नदीकाठच्या पेठांत वाडे विरळ का, आणि रविवार-भवानीकडे तुलनेने अधिक का, याचे अर्धे उत्तर त्या रेषेत आहे. उरलेले अर्धे भाडेनियंत्रणाच्या कायद्यात आणि वारसांच्या दाव्यांत शोधावे लागेल.

शुक्रवारातील मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याखाली एक मौजेचा विरोध नांदतो आहे. शनिवारवाड्यासमोरील उघडा बाजार हलवून १८८६ मध्ये ही इमारत खुली झाली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. एवढा पैसा बाजाराच्या इमारतीवर न उधळता गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, म्हणून नगरपालिकेत या योजनेला विरोध करणाऱ्या सभासदांत जोतीराव फुले होते. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिचे नामांतर झाले, आणि ज्यांनी ती बांधू नये म्हटले त्यांचेच नाव तिला दिले गेले. फुल्यांच्या कार्याची खरी जागा, म्हणजे जेथे १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली तो बुधवारातील भिडे वाडा, मात्र दीर्घकाळ दुकानांच्या मागे लपलेला राहिला आणि प्रदीर्घ न्यायालयीन वादानंतर २०२३ च्या अखेरीस स्मारकासाठी पाडला गेला.

मंडईपासून पूर्वेस गुरुवार पेठेत पंचहौद मिशनचे चर्च आहे. १८८५ मध्ये प्रतिष्ठित झालेले, उंच घंटाघराचे. हिंदू वस्तीच्या मध्यभागी इतके भव्य चर्च पाहून आश्चर्य वाटते, परंतु पुण्याच्या इतिहासात ते गाजले ते तेथील एका चहापानामुळे. १८९० च्या ऑक्टोबरात मिशनने शहरातील काही प्रतिष्ठितांना व्याख्यानासाठी बोलाविले आणि नंतर चहा-बिस्किटे पुढे केली. कोणी चहा प्यायले, कोणी पेला नुसता हातात धरला, कोणी मुकाट्याने बाजूला ठेवला. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी हे या प्रसंगाचे सूत्रधार. त्यांनी उपस्थितांची यादीच ‘पुणे वैभव’ पत्रात छापविली. यादीत न्यायमूर्ती रानडे होते आणि बाळ गंगाधर टिळकही. सनातन्यांनी ग्रामण्य उभे केले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, त्यांनी चौकशीसाठी शास्त्री नेमले, आणि ख्रिस्ती हातच्या चहाने ब्राह्मण्य कितपत बाधते याचा खल वर्षभराहून अधिक चालला. टिळकांनी आपण काशीस सर्वप्रायश्चित्त घेतल्याचा दाखला पुढे केला. रानड्यांनी सहकाऱ्यांच्या अडचणी पाहून १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, आणि त्यांचे सुधारक मित्र त्यांच्यावर रुष्ट झाले.

त्या चर्चपासून गंज पेठेतील फुले वाडा पायी फार तर दहा मिनिटे. आता त्या पेठेचे नावच महात्मा फुले पेठ आहे. याच घरचा पाण्याचा हौद जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केला होता, त्यावेळी पुण्यातील बहुतेक सार्वजनिक हौद त्यांना बंद होते. पंचहौदातील चहाचे पेले प्रतिष्ठितांच्या ओठांपर्यंत पोहोचून थबकले त्या दिवसांत अर्धांगाने जर्जर झालेले जोतीराव याच घरात होते; २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले, आणि ग्रामण्याचा निकाल लागावयास तोवर पुष्कळ अवकाश होता.